ओझं किती वाटतं?

“दिवा पिवळा झाला तर घाबरायचं नाही,” ओपल कोट चढवता चढवता नणंदेला सांगत होती. “उशी वर करायची, नळी नाकात नीट बसलीय का बघायचं. तांबडा झाला तर तू काहीच करू नकोस. पेटीतून नर्स आपणहून बोलते. ती सांगेल तसं वाग.”

“आणि ती बोललीच नाही तर?” जिनिव्हाने विचारलं.

“बोलते. तुझ्या भावासारखी घुमी नाहीय ती.”

खाटेवरचा आर्विल हसायला गेला आणि खोकल्यात सापडला. भिंतीवरच्या पांढऱ्या पेटीचा हिरवा दिवा पिवळा झाला. दोघी बायका जागच्या जागी थांबल्या. खोकला ओसरला, दिवा पुन्हा हिरवा झाला.

“त्या विद्यापीठवाल्यांना म्हणावं,” आर्विल म्हणाला. एका वाक्याला त्याला दोनतीन श्वास लागत. “पेटी राहू द्या... मी मेलो की न्या. फार थांबावं... लागायचं नाही.”

“तुझी जीभ तेवढी धडधाकट राहिलीय,” ओपल म्हणाली आणि घेवड्याच्या कालवणाचं पातेलं उचलून बाहेर पडली.

आर्विल स्टॅनिफर उमेदीची सगळी वर्षं केंटकीच्या डोंगरांखाली कोळसा फोडत होता. आता त्याच्या छातीत तोच कोळसा होता. खाणवाल्यांचा डॉक्टर म्हणाला, सिगारेटी ओढल्या असशील, खाणीची भरपाई मिळणार नाही. खाणीत गॅस साचतो, तिथे काडी पेटवणारा माणूस घरी परत येत नाही. म्हणून आर्विलच्या पिढीने तंबाखू चघळली, ओढली नाही. हे त्या डॉक्टरला माहीत नव्हतं असं नाही. त्याला पगार ते विसरण्याचा मिळत होता.

मग जिल्ह्याचं इस्पितळ बंद पडलं. आता जवळचं इस्पितळ दोन डोंगर ओलांडून, आणि हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ असला की जवळ हा शब्द वापरायची सोय नाही. अशा वेळी विद्यापीठाची माणसं आली. त्यांचं संशोधन होतं: घरी दम्याचा, कोळशाच्या धुळीने काळ्या पडलेल्या फुफ्फुसाचा रोगी असेल तर यंत्राने घरच्यांना हातभार लागतो का. हार्डी फोर्कच्या खोऱ्यात काही घरांत पेट्या बसल्या, काही घरांत मुद्दाम बसवल्या नाहीत. आर्विलच्या बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लागला. प्राणवायू खाली गेला की तिकडे विद्यापीठात नर्सला कळायचं. दोनदा ओपलच्या आधी पेटीला कळलं, दोनदा रुग्णवाहिका वेळेत निघाली. पेटी आल्यावर ओपलला झोप मिळाली. शाळेच्या भटारखान्यातली सुटलेली नोकरी तिने परत धरली. दिवसातले काही तास ती पुन्हा माणसांत जाऊ लागली. पोरांना वाढायची, मैत्रिणींबरोबर हेडमास्तरची टिंगल करायची.

आता अभ्यास संपला होता. पेट्या राहणार की जाणार, हे आज जुन्या शाळेच्या सभागृहात सांगणार होते.

विद्यापीठाने सगळ्यांसाठी खोक्यांतून सँडविचं आणली होती. खोऱ्यातल्या बायकांनी ती बाजूला सारून आपापली पातेली मांडली. पाहुण्याने जेवण आणायचं असतं हे इथे कुणाला पटत नाही. ओपलने प्राध्यापक हॉलनबेकला स्वतः वाढलं, मक्याच्या पावाचा कडेचा खरपूस तुकडा दिला. पोटात गेलेलं अन्न निर्णयाला मऊ करील अशी तिला वेडी आशा होती.

हॉलनबेक वाईट माणूस नव्हता. हीच तर पंचाईत. वाईट माणसाला शिव्या घालून मोकळं होता येतं.

त्याने पडद्यावर आलेखाचे दोन खांब दाखवले. एक पेटी असलेल्या घरांचा, दुसरा नसलेल्या. दोन्ही बुटके, दोन्ही सारख्या उंचीचे.

“दर महिन्याला आमच्या लिंडसेने तुम्हाला विचारलं,” तो म्हणाला, “की घरच्या माणसाची काळजी घेताना ओझं किती वाटतं. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. पेटीमुळे ओझं कमी होईल असं आम्हाला वाटलं होतं. पण इथे कमी व्हायला ओझं मुळात नव्हतंच. खरं सांगतो, इतकी कणखर माणसं आम्ही दुसरीकडे पाहिली नाहीत.”

दोघाचौघांनी टाळ्या वाजवल्या. आपली स्तुती चालली आहे असं त्यांना वाटलं.

“म्हणून पैसे देणाऱ्या संस्थेने ठरवलंय,” हॉलनबेक पुढे म्हणाला, “की पेट्या जिथे गरज जास्त आहे त्या जिल्ह्यात हलवायच्या. उद्यापासून लिंडसे येऊन काढून नेईल.”

“आणि ज्यांचे जीव वाचले ते?” मागून कुणीतरी विचारलं.

“घरं थोडी होती. पेटीने जीव वाचले असं म्हणायला तेवढ्याने भागत नाही. आणि आमचा मुख्य प्रश्न ओझ्याचा होता.”

क्लाइड रॅटलिफ नावाचा बुटका म्हातारा पहिल्या रांगेत बसला होता. त्याची बायको चार वर्षं खाटेला खिळलेली. तो उभा राहिला आणि टोपी हातात घेऊन चुरगाळू लागला.

“डॉक्टर, मी शून्य सांगितलं होतं,” तो म्हणाला. “ती पोरगी पेटीतूनच विचारायची ना. पेटी खाटेच्या डोक्याशी. बायको माझ्याकडे टकमक बघतेय आणि पेटी विचारतेय, हिचं ओझं किती. काय सांगू? नऊ? मग रात्रीचं जेवण तिला कुठल्या तोंडाने भरवू?”

लोक हसले.

“मी एक म्हटलं होतं,” एक जाडी बाई म्हणाली. “त्या एकासाठी नवरा आठवडाभर बोलला नाही.”

पुन्हा हसू. मग ते हळूहळू विरलं, कारण प्रत्येकजण शेजारच्याकडे बघू लागला. तूपण? हो, मीपण. सगळं खोरं दोन वर्षं खोटं बोललं होतं, घराघरांत, एकमेकांना न विचारता, एकच खोटं. रोग्याने ऐकू नये म्हणून. आणि भीतीनेही. इथे म्हातारी माणसं आठवून सांगतात, कशी परकी माणसं यायची, फाटक्या कपड्यांतल्या पोरांचे फोटो काढून न्यायची, मागोमाग सरकार पोरं न्यायला यायचं. झेपत नाही असं परक्याला सांगितलंत तर तुमचं माणूस उचलून दूरच्या वृद्धाश्रमात टाकतात, एवढं इथे शेंबड्या पोरालाही कळतं. कळलं नव्हतं ते विद्यापीठाला. त्यांनी खाटेपाशी पेटी ठोकली, तिच्यातूनच प्रश्न विचारला, पेटी नव्हती तिथे खाटेपाशी स्पीकरवर ठेवलेल्या फोनवरून विचारला, आणि आलेल्या उत्तराला विज्ञान म्हटलं.

ओपल उठली.

“माझं बदला,” ती म्हणाली. “माझं दहा लिहा.”

“ओपल, आता बदलता येत नाही,” हॉलनबेक मऊपणे म्हणाला. “ज्या वेळी विचारलं तेव्हाचंच उत्तर धरतात. आज तुम्हाला पेटी हवी आहे. म्हणून आज तुम्ही दहाच म्हणणार.”

“मी खोटं बोलतेय म्हणता?”

“तसं नाही. पण ते मोजता येणार नाही.”

ओपलला कळलं की आकड्याने भागणार नाही. तेव्हा तिने जे केलं ते हार्डी फोर्कमध्ये कुणी करत नाही. नवऱ्याचे मावसभाऊ, चर्चमधल्या बायका, भटारखान्यातल्या मैत्रिणी, सगळ्यांसमोर तिने तोंड उघडलं.

“मग हे मोजा,” ती म्हणाली. “मी त्याचं ढुंगण धुते. तो तोंड भिंतीकडे करतो, कारण त्याला लाज वाटते, आणि मी गाणं गुणगुणते, कारण मलाही वाटते. पेटी यायच्या आधी मी बसल्या जागी झोपायचे, आणि जाग आली की आधी बघायचे, मेला का. एकदा चुलीवर हात भाजला तरी मला कळलं नाही. मोरीत नळ सोडून, टॉवेल तोंडात कोंबून रडायचे. आणि ऐका, कधी कधी मनात यायचं, सुटावा एकदाचा. तो सुटावा, मीपण सुटावं. हे बोलले मी. लिहून घ्या. नाव घाला माझं.”

एका बाईने उगाचच पातेल्यावर झाकण ठेवलं. क्लाइड टोपीत तोंड खुपसून बसला.

“हे सांगितल्याबद्दल आभारी आहे,” हॉलनबेक म्हणाला. त्याचे डोळेसुद्धा ओले होते, ते काय जाळायचेत. “पुढचा अभ्यास आखताना याचा नक्की विचार करू.”

लिंडसे तिला गाडीपाशी गाठायला धावत आली. तिशीतली बाई, गळ्यात विद्यापीठाचा पट्टा. दोन वर्षं दर महिन्याला तिचा आवाज ओपलच्या घरात यायचा. हवापाणी, पोरांची दुखणी, मग तो प्रश्न.

“ओपल, थांबा ना.”

“तुला कळत नव्हतं, पोरी?” ओपलने विचारलं. “मी म्हणायचे, शून्य, उलट तोच मला सांभाळतो. आणि तू हसायचीस.”

“कळत होतं.”

“मग?”

“तुम्ही सांगाल तेच लिहायचं असतं. मला वाटलं ते लिहिलं तर तो माझा खोटेपणा ठरतो, नोकरी जाते. एकदा वाटलं, म्हणावं, दुसऱ्या खोलीत जाऊन माझ्या फोनवर बोला. पण सगळ्या घरी सारखंच विचारायचं ठरलं होतं. एका घरी वेगळं केलं तर ते घर गळतं.”

“गळतं म्हणजे?”

“अभ्यासातून काढतात. पेटी तेव्हाच गेली असती.”

थोबाडीत मारावी असं ओपलला वाटलं, आणि वाटलं तेवढ्यात ते गेलंही. हिलाही घरी लेकरं होती, त्यांचीही दुखणी होती. नावानिशी ठाऊक होती ओपलला.

“उद्या पहिली माझ्याकडे ये,” ती म्हणाली. “वाट बघायला लावू नकोस.”

घरी पोचली तेव्हा जिनिव्हा अंगणात उभी होती. तिचा चेहरा बघूनच ओपल समजली.

“सभेतून मर्लाने फोन केला होता,” जिनिव्हा म्हणाली. “आवाज मोठा होता तिचा. त्याने ऐकलं.”

“सगळं?”

जिनिव्हाने गाडीची किल्ली काढली आणि भावाचा निरोपही न घेता निघून गेली.

ओपलने कोट काढला. पातेलं धुतलं. आधीच स्वच्छ असलेला ओटा पुसला. मग खाटेपाशी जावंच लागलं.

“दहा म्हणे,” आर्विल म्हणाला.

“दहा.”

“आणि सुटावा... म्हणालीस.”

“म्हणाले.”

तो छताकडे बघत श्वास गोळा करत राहिला.

“मी काय... आंधळाय? शून्य नव्हतं... ते ठाऊक होतं मला. पहिल्या... महिन्यापासून.” तो थांबला. “पण महिन्यातून एकदा... ऐकायला बरं वाटायचं गं. मी म्हणायला हवं होतं... बाहेर जाऊन बोल. नाही म्हणालो. पडून... ऐकायचो.”

“गप्प राहा आता. दम लागेल.”

“पेटी माझ्या... हावरेपणाने गेली.”

“माझ्या खोट्याने गेली. आणि त्यांच्या अकलेने,” ओपल म्हणाली. “तू मधे घुसू नकोस. प्रत्येक गोष्टीत तुला वाटा हवा असतो.”

त्याला हसू आलं. तिला नाही आलं.

सकाळी लिंडसे पहिली त्यांच्याकडेच आली. ओपलने तिला कॉफी दिली, अंडी तळून दिली. तिने ती संपवली, नाही म्हणायची तिची हिंमत झाली नाही. मग तिने आर्विलच्या बोटाचा चिमटा काढला, भिंतीवरची पेटी उतरवली आणि वायर गुंडाळली. भिंतीचा रंग मळका झाला होता, पेटीमागचा चौकोन मात्र कोरा निघाला. जाताना ती दारात रेंगाळली.

“एक प्रश्न राहिलाय,” ती खाली बघत म्हणाली. “सगळ्यांना विचारायचा आहे. अभ्यासात भाग घेतल्याबद्दल समाधान किती, शून्य ते दहा.”

ओपलने दार लावून घेतलं.

तिने भटारखान्यात फोन करून सांगितलं की आजपासून येत नाही, जागेवर दुसरी बाई बघा. तिकडून मैत्रिणीने विचारलं, किती दिवस, तर ती म्हणाली, ते मला कसं ठाऊक असणार. फोन ठेवून तिने स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत आणली आणि खाटेला चिकटवून मांडली.

आर्विलने कूस बदलली. या वेळी त्याने तोंड भिंतीकडे केलं नाही, तिच्याकडे केलं, पण डोळे मिटून घेतले. ओपलने त्याच्या सदऱ्यातून हात मागे सरकवला आणि उघड्या पाठीवर तळवा टेकवला. आत काहीतरी खरखरत वर येत होतं, थांबत होतं, पुन्हा येत होतं. किती वर यायला हवं आणि किती थांबलं तर उशीर झाला, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

दुपारपर्यंत तो हात बधिर झाला. तिने खुर्ची फिरवून दुसरा हात लावला.