सर्वांत जड क्लच

आमच्या ह्यांनी गाडी घेतली तेव्हा ती बरी होती. म्हणजे लाल होती, बसकी होती, शेजारी वळून बघायचे, इतपतच. मग ह्यांनी तिला मोठा टर्बो बसवून घेतला, इंजिनाचं प्रोग्रॅमिंग बदलून घेतलं, आणि ती दुपटीने ताकदवान झाली. पाचशे हॉर्सपॉवर, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, मुलगा पहिला आल्यासारखं. मी तिला सवत म्हणायचे. गंमतच होती ती. पण गेल्या आठवड्यापासून मला तिची खरोखर भीती वाटायला लागली होती, आणि भीती वाटली की माझी जीभ जास्तच तिखट होते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

झालं होतं असं. सिग्नल लाल होता आणि आम्ही अगदी पुढे उभे होतो. समोरून एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. बाळाने पायातला एक मोजा काढून तोंडात घातला होता. मी म्हणाले, "अहो, बघा ना, काय गोड आहे." आणि आमच्या गाडीने उडी मारली. ह्यांनी ब्रेक दाबला, गाडी गचका खाऊन बंद पडली, आणि बॉनेट बाबागाडीला टेकायचं तेवढं राहिलं. ती बाई ओरडलीसुद्धा नाही. तिने काचेतून नुसतं आमच्याकडे बघितलं.

"क्लच गेलाय," हे म्हणाले. "इंजिनाची ताकद त्याला झेपत नाही. भक्कम क्लच टाकून घेऊ." मी हो म्हटलं.

म्हणून आज आम्ही क्लचवाल्याकडे आलो होतो. हे नको म्हणत असताना मी बरोबर आले, कारण घरी बसून जीव टांगणीला लावण्यापेक्षा हे बरं. पत्र्याची मोठी शेड, तेल मुरून काळी झालेली फरशी, भिंतीवर हारीने लावलेले नटबोल्टचे पाने. आमची सवत लिफ्टवर डोक्याच्याही वर चढली होती. तिचा गिअरबॉक्स काढून खाली ठेवला होता, आणि पोटात नुसतं भोक दिसत होतं.

क्लचवाला अंगाने जाडजूड आणि बोलायला भारी हौशी. त्याने जुन्या क्लचची प्लेट आणून टेबलावर ठेवली. जेवणाच्या थाळीहून थोडी लहान, काळीनिळी पडलेली, आणि वास असा की मी नाकाला पदर लावला.

"जळलीये, साहेब," तो म्हणाला. "इंजिनाचा जोर जास्त, हिची पकड कमी. शिवाय चालवताना पाय पेडलवर टेकून ठेवत असणार तुम्ही."

"छे," हे म्हणाले. "माझा पाय कायम बाजूला असतो. मी काय आज गाडी चालवायला शिकलोय?"

"आणि सिग्नलला ती पुढे उडी मारते ते?" मी विचारलं.

क्लचवाल्याच्या भुवया वर गेल्या. "पुढे? घसरणाऱ्या क्लचचं उलट असतं, वहिनी. इंजिन नुसतं ओरडतं, गाडी जागची हलत नाही. पुढे उडी मारली म्हणजे गाडी गिअरमध्ये असताना दाबलेल्या पेडलवरचा पाय सुटला असणार."

"पाय सुटला नव्हता," हे एकदम चढ्या आवाजात म्हणाले. "ते जाऊ दे. तुमच्याकडे कोणकोणते आहेत ते दाखवा."

हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. काहीतरी लपवायचं असलं की तो असा वर जातो.

क्लचवाल्याने तीन क्लच मांडले. पहिला कंपनीच्या क्लचपेक्षा थोडा बरा, पण एवढ्या ताकदीपुढे वर्षभरात हात टेकणारा. दुसऱ्यात एकावर एक दोन प्लेटा, त्यामुळे पकड दुप्पट आणि पेडल मात्र हलकं. तिसरा शर्यतीचा, राक्षसी स्प्रिंगचा. तो हळूहळू पकडत नाही, एकदम पकडतो.

"तिसरा," हे म्हणाले. हात लावूनही बघितला नाही.

"साहेब, रोजच्या रस्त्याला दुसराच घ्या. मी माझ्या भावाला सुद्धा तोच देईन. तिसरा ट्रॅफिकमध्ये मांडी मोडून काढतो."

"मला जडच हवाय."

"का?" मी म्हणाले. "व्यायामशाळेचे पैसे वाचवायचेत?"

एरवी ह्यांनी मला सव्याज परत केलं असतं. आज ते खिशातून पाकीट काढायला लागले. मला ते अजिबात आवडलं नाही.

"मग बसूनच बघा," क्लचवाला म्हणाला. कोपऱ्यात त्याने लोखंडी चौकटीवर एका जुन्या गाडीची सीट बसवली होती. सीटपुढे तीन पेडलं, प्रत्येकाला मागे एकेक क्लच जोडलेला. पायाने पसंत केल्याशिवाय तो क्लच विकत नसे. लोक हौसेने जड क्लच घेऊन जातात आणि पाय दुखला की भांडायला येतात, असं त्याचं म्हणणं. "पेडल पूर्ण दाबा आणि सिग्नल लागलाय असं समजून धरून ठेवा. माझ्याशी बोला. पाय भरून आला की सांगा."

हे बसले. तिसरं पेडल त्यांनी जोर लावून तळापर्यंत दाबलं. मला हायसं वाटलं. म्हटलं, आहे अजून दम. मग क्लचवाल्याने टर्बोचा विषय काढला आणि ह्यांची गाडी सुटली. कुठला पाइप बदलला, कुठल्या चढावर कुणाला मागे टाकलं, सगळं पाठ. ते त्याच्याकडे बघून हसत बोलत होते. मला त्या गोष्टी पाठ झाल्यात, म्हणून मी खाली बघत उभी होते.

पेडल वर येत होतं.

झटक्याने नाही. अगदी सावकाश, बोटभर, मग अजून बोटभर. ह्यांचा पाय त्याच्यावरच होता आणि पेडल त्या पायाला घेऊन वर येत होतं. ते पूर्ण वर आलं आणि थांबलं. हे बोलतच होते. "बघा, अजून धरलंय," ते म्हणाले. "काही त्रास नाही."

क्लचवाल्याने खाली बघितलं. मग माझ्याकडे.

"अहो," मी म्हणाले, "पेडल कुठंय?"

"कुठंय म्हणजे? खाली. दाबून धरलंय की."

"बघा."

त्यांनी बघितलं. लगेच दाबलं, पार तळापर्यंत. पेडल खाली गेलं आणि खालीच राहिलं. पायात जोर होता, म्हणजे जोराचा प्रश्न नव्हता. ते मान खाली घालून त्या पायाकडे टक लावून बघत राहिले, दूध उतू जाईल म्हणून बघावं तसे.

"बघत राहिलं की राहतो," ते हळूच म्हणाले. "नजर काढली की तो कुठंय ते कळत नाही."

"कधीपासून?"

"चप्पल निसटायला लागली तेव्हापासून. चालताना निसटते आणि मी तसाच पुढे जातो." ते अजूनही पायाकडेच बघत होते. "पावलाला काही कळत नाही गं. मांडीला कळतं. क्लच जड असला तर निदान मांडीला तरी कळेल, असं वाटलं."

मी सीटची पाठ घट्ट धरली. सिग्नलला उभे असताना ते खाली बघत बसायचे. मला वाटायचं, मीटरचे काटे बघतायत, सवतीचे लाड चाललेत. रस्त्यावर नजर नाही, पायावर नजर, आणि पाचशे हॉर्सपॉवर पुढे ओढ घेत असलेली. त्या दिवशीही ते खालीच बघत असणार. मी म्हटलं, बघा ना, काय गोड आहे. आणि त्यांनी माझं ऐकून वर बघितलं.

"मला सांगायचं नाही?" माझा आवाज इतका चिरका निघाला की मलाच ओळखू आला नाही. "एक पोर गेलं असतं. कळतंय का?"

"घाबरलो होतो."

इतक्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. दुसरं कुणी असतं तर मी चार शब्द सुनावले असते. पण मीही घाबरले होते. पायाचं हे काय आहे, कुठवर जाणार आहे, आणि उद्या आणखी काय काय कळेनासं होणार आहे, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

क्लचवाला फडक्याला हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. शेवटी त्याने विचारलं, "मग वहिनी, कोणता बसवू?"

"कुठलाच नको. गाडी वरच राहू दे," मी म्हणाले. "आम्ही इथून डॉक्टरकडे जातो."

हे आता डोक्यात राख घालून घेतील, असं मला वाटलं. गाडीच्या बाबतीत त्यांनी माझं कधीच ऐकून घेतलेलं नाही. ते नुसतं "बरं" म्हणाले. त्या एका शब्दाने माझा उरलासुरला धीर सुटला.

मग ते उठायला लागले. आधी पाय पेडलवरून उचलला, चौकटीच्या बाहेर काढला, आणि फरशीकडे न्यायला सुरुवात केली, नजर क्षणभरही न हलवता. टॅक्सी बोलावू का, पाणी हवंय का, हात देऊ का, सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. दात आवळून मी गप्प उभी राहिले. मी बोलले असते तर त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं, आणि पाय जमिनीला नीट टेकेपर्यंत ते नको होतं.