साच्यात गोठलेलं खोबरेल

आमच्या जावईबापूंना घाई फार. जेवताना घाई, बोलताना घाई, आणि ज्या कामात माणसाचा डोळा जाईल त्यात तर सगळ्यात जास्त. दत्तप्रसाद इथे आखातात, सलमाबादच्या पुढे एका नेमबाजी क्लबात रायफलीची काडतुसं पुन्हा भरतात. मी चौथीसुद्धा पुरी केली नाही, पण दोन वर्षं त्यांच्या शेजारी बसून रिकाम्या पितळी पुंगळ्या पुसते. वाजलेली पुंगळी फुगते. तिला वंगण लावून साच्यात दाबली की मापाला येते. मग दारू, मग दुसऱ्या साच्यात वर गोळी. प्रत्येक गोळी तेवढीच खोल बसायला हवी.

गुरुवारी भरलेली काडतुसं टेबलावर उभी केली तर काही ठेंगणी. पुंगळ्यांच्या निमुळत्या खांद्यांना खळगे. बोट फिरवलं, चिकट. नाकाशी नेलं. खोबरेल! माझ्या केसांचं!

“वंगण संपलं होतं, आई. तेल ते तेल.”

“आणि वर एसी अठरावर ठेवलाय!”

दोन्ही साचे उघडायला लावले. आत पांढरं, गोठलेलं, पितळेच्या भुग्याने काळवंडलेलं तेल. शी! पहिल्या साच्यात त्याच गुठळ्यांनी खांदे चेपले होते, दुसऱ्यात त्यांनीच गोळ्या जास्त आत ढकलल्या होत्या.

“माप घेतलं होतंत?”

“पहिल्या पाचांचं. पुढची सारखीच येतात हो.”

“शंभर भरली म्हणालात. इथे साठच दिसतात.”

ते साचा पुसायला लागले. “चाळीस श्रेया घेऊन गेली. सरावाला.”

श्रेया त्यांची लेक, माझी नात. गोळी खोल बसली की आतला दाब वाढतो आणि रायफल तोंडाजवळ फुटू शकते, हे मला जावईबापूंनीच शिकवलेलं.

मी अनवाणी सरावाच्या मैदानाकडे धावले. श्रेया पोटावर झोपून पहिलं काडतूस हातात घेत होती.

“थांब! खाली ठेव ते!”

“व्हॉट हॅपन्ड, आजी?”

मी काडतुसांचा डबाच उचलला. मागून जावईबापू सावकाश चालत आले. हसत होते.

“बघा, काही झालं नाही ना? उगाच घाबरता.”

सरावाला आलेल्या सगळ्यांसमोर बोलले मी. “काही झालं नाही, कारण मी धावले. तुम्ही चालत आलात. पोटच्या पोरीसाठी पाऊल उचललं नाहीत, जावईबापू, किळस येते मला तुमची. आजपासून काडतुसाला हात लावायचा नाही, आणि ते क्लबाच्या साहेबांना तुम्ही स्वतः जाऊन सांगायचं. आत्ता.”