चुन्याच्या भट्टीमागची जागा

बाप्टिस्ट सकाळपासून सातव्यांदा फॅक्सपाशी जाऊन उभा राहिला. कागद आला होता, पण कुठल्याशा जहाजाला दोनशे टन तेल हवं होतं म्हणून. आखातातल्या फुजैरा बंदरात जहाजांना इंधन पुरवणाऱ्या ऑफिसात दुसरं काय येणार? तरी गडी कागद उलटासुलटा करून बघत होता. पाठीमागे काही लिहिलं असेल, अशी वेडी आशा.

वाट होती ती सिंगापूरच्या शाखेतल्या हलिमाच्या उत्तराची. आठ वर्षं दोघांची रोज फॅक्सवर गाठ, तोंड मात्र एकमेकांचं कुणी पाहिलेलं नाही. इकडून सुटलेलं जहाज तिकडे कुठल्या धक्क्याला लागणार, ते बाप्टिस्टनं लिहून सही करायची आणि हलिमानं पोच द्यायची. अशा बाईकडे त्यानं पंधरा दिवसांपूर्वी भलतंच मागितलं होतं. माझा बाप कुठे पडला, ती जागा शोधून दे.

बाप स्टॅनली, वसईचा खलाशी. बेचाळीस साली सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं तेव्हा तो तिथेच अडकला. त्याला धरून बंदरावर वेठीला जुंपलं. शेहेचाळीसला परतलेल्या एका सोबत्यानं सांगितलं, खाडीच्या तोंडाशी चुन्याची भट्टी होती, तिच्यामागे आमची छावणी. पोती वाहायचो. खायला मूठभर भात, तोही रोज नाही. एका सकाळी स्टॅनली उठलाच नाही. जागेचं नाव काही त्या बिचाऱ्याला सांगता आलं नाही.

बाप्टिस्टच्या आईनं, डोरोथीनं, तेव्हापासून हट्ट धरला. "माणूस कुठं पडला ते कळल्याशिवाय मेला कसं म्हणू?" बावन्न वर्षं तिनं नवऱ्यासाठी चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना सांगितली नाही, की घरच्या कबरीच्या दगडावर त्याचं नाव कोरू दिलं नाही. आता शहात्तरीला हृदय थकलं, दोन महिने मुलाकडे व्हिजिटवर आली आणि आपणहून म्हणाली, "जागा शोध, बाप्टू. पुढल्या वर्षी मीच त्या दगडाखाली असेन." दोन नोव्हेंबरचा मृतांचा दिवस आठवड्यावर आला होता. परवा तिचं वसईला परतायचं विमान होतं. वसईचा पाथरवट विष्णू दोनदा विचारून चुकला होता, नाव कोरायचं का?

दुपारी फोन वाजला. बाप्टिस्टनं खुर्ची जवळजवळ पाडलीच.

"बाप्टिस्ट सर, मिल गया," हलिमा मोडक्या हिंदीत म्हणाली. "लेकिन आप मम्मी को संभाल के बोलना."

तिनं युद्धाआधीचा नकाशा मिळवला होता, आताच्या नकाशावर ठेवून खिडकीच्या काचेला लावला होता. खाडी बुजवलेली, टेकडी कापलेली. भट्टीमागची जमीन तर पार खणून काढली होती, मोठी जहाजं आत यावीत म्हणून. तिथे आता पंधरा मीटर पाणी होतं आणि धक्का नंबर नऊ होता.

बाप्टिस्टनं कपाटातली फाईल ओढली. धक्का नऊ, धक्का नऊ, पानापानावर धक्का नऊ, त्याच्याच अक्षरात. काखेत कळसा नि गावाला वळसा! त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

घरी आई बाल्कनीत वाटच बघत होती.

"सापडली?"

"सापडली. पण जमीन राहिली नाही, आई. खणून काढली. आता पाणी आहे, जहाजं लागतात."

ती कोसळेल म्हणून तो हात पुढे करून उभा राहिला. ती कोसळली नाही.

"माणसं असतात तिथं?"

"चोवीस तास. शिफ्ट असते."

"त्यांना जेवायला मिळतं?"

"मिळतं की. हलिमा तिथल्या कॅन्टीनच्या फिश करीला रोज नावं ठेवते." मग त्याच्यानं राहवेना. "आई, त्या जागेचा नंबर मी आठ वर्षं लिहितोय गं. शेकडो कागद पाठवले. एकदाही मनात काही आलं नाही."

नवरा शेवटचा बोटीवर गेला तेव्हा डोरोथी तीन महिन्यांची पोटुशी होती.

"खाली सही करायचास?"

"हो."

"पूर्ण नाव?"

"पूर्ण. बाप्टिस्ट स्टॅनली तुस्कानो. ऑफिसचा नियमच आहे."

"मग बरं झालं," ती म्हणाली. "मुलगा झाला, हे त्याला कुणी कळवलंच नव्हतं." आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, "फोन लाव त्या विष्णूला. कोरू दे नाव."

बाप्टिस्टनं रिसीव्हर उचलला, पण नंबर काही त्याला फिरवता येईना. छप्पन्नाव्या वर्षी बाप गेल्याचं रडू त्याला पहिल्यांदा फुटलं होतं.