गीत : लाडकी

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. माणसं जे बोलतात तेच मी त्यांना परत ऐकवतो, त्यामुळे माझी कुणाशी फारशी मैत्री टिकली नाही.

१९७८ साली बोईसरच्या एका कारखान्यात मशीनवर काम करणाऱ्या खंडेरावांनी मला विकत घेतलं. ते स्वतःला गायक समजायचे. तसं समजणारं दुसरं कुणी भेटेना, म्हणून त्यांनी चौघांचा ग्रुप काढला, 'स्वरचौकडी'. मधोमध खंडेराव, त्यांच्या बाजूंना चंद्रभान आणि शकू, आणि अगदी कडेला, पडद्याआड जाईल अशी, लाडकी.

लाडकी माकुणसारजवळच्या पाड्यावरची. कारखान्यात डबे भरायची. चौघांत तिचा आवाज सगळ्यांत चांगला, म्हणून तिच्या वाट्याला फक्त 'ला ला ला' दिलं होतं. तारापूरच्या गणेशोत्सवापासून पालघरच्या हळदीपर्यंत सहा वर्षं तिने ते इमानेइतबारे म्हटलं.

एकदा पालघरला भर कार्यक्रमात वीज गेली. माइक गेला आणि त्याच्याबरोबर खंडेरावांचा आवाजही गेला. लोक उठायला लागले. तेव्हा लाडकी पुढे झाली आणि तिने स्वतः रचलेलं गाणं म्हटलं. आई वीटभट्टीवर निघालीय, आणि 'ठकी वाटंवर बसली'. उठलेले लोक उभ्यानेच ऐकत राहिले. मी सेलवर चालत होतो, म्हणून सगळं टिपलं.

"गाणं जरा गावठी आहे," खंडेराव नंतर म्हणाले. "मी बघतो त्याचं काय करायचं ते."

त्यांनी बघितलं. चार महिन्यांनी कॅसेट निघाली. वर छापलं होतं, 'गीत : खंडेराव'.

"दादा, ह्ये गानं माजं हाय," लाडकी म्हणाली.

"अगं, ग्रुपचं म्हणजे आपलंच की."

'आपलं' हा मोठा उदार शब्द. बोलणाऱ्याला काहीच सोडावं लागत नाही.

लाडकी भांडली नाही. त्यानंतर तालमीला यायची आणि तोंड मिटून उभी राहायची.

कॅसेट खपली, तसे मुंबईहून कंपनीचे साहेब आले. त्यांना तसलंच आणखी गाणं हवं होतं. खंडेरावांनी तीन दिवस राबून केलेलं गाणं ऐकवलं. त्यात चंद्र होता, चांदणं होतं, चांदणीसुद्धा होती. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पहिल्या गाण्यातली ती ठकी कोण हो?"

"ते प्रतीक आहे, साहेब."

"माजी धाकटी बईन," लाडकी म्हणाली. "आय भट्टीवर गेली का ही रोज वाटंवर जाऊन बसायची. हंगाम सरून आय परत आली तवर ठकी नव्हती. ताप आला व्हता."

खंडेराव माझ्याकडे बघत राहिले, जणू मीच बोललो.

"पुढची गाणी या बाईंची," साहेब म्हणाले. "आणि नावही त्यांचंच."

लाडकीला लिहिता येत नव्हतं. ती मला गाऊन दाखवायची, शकू ऐकून उतरवायची. म्हणून खंडेरावांनी मला तिला भेट दिलं आणि आपल्या दिलदारपणाची गोष्ट बोईसरभर सांगितली. पुढे तिच्या सात कॅसेट निघाल्या. ती स्टेजवर पुन्हा चढली नाही.

आता १९९४ साल आहे. माझा पट्टा तुटलाय, मी तिच्या कपाटावर पडून असतो. परवा कोळगावच्या लग्नाला जाऊन आली, ते हसतच. तिथे ठकीचं गाणं झालं, 'पारंपरिक लोकगीत' म्हणून. तीही सोबत गुणगुणत होती, तर शेजारची बाई म्हणाली, "मावशी, शब्द चुकताय तुमी."

मला दुरुस्तीला नेऊ नका. फक्त ते गाणं कुठे लागलं, तर पारंपरिक म्हणू नका. ठकीची बहीण अजून जिवंत आहे.