कुसळीच्या शेपट्या

पोरानं जमवलेलं बी मी माझ्या हातानं मारलं, हे आधीच सांगून टाकतो. लपवून ठेवायचं वय राहिलं नाही.

कडोलीच्या वरच्या अंगाला आमचा दीड एकर माळ आहे. रस्त्यासाठी तिथला मुरूम उपसला आणि माळाचं टक्कल पडलं. पाऊस झाला की माती धावत येते ती थेट खालच्या बटाट्याच्या सऱ्यांत. आमचा आदर्श बेळगावला कॉलेजात वनस्पती शिकत होता. म्हणाला, "आप्पा, इथं कुसळी परत आणूया. एकदा ठोंब धरला की वर्षानुवर्षं फुटतोय, माती सोडत न्हाय."

मी पोट धरून हसलो. विजारीत घुसून टोचतं म्हणून ज्या गवताला जन्मभर शिव्या घातल्या, ते हा शहाणा पेरणार!

गेल्या कार्तिकात दर रविवारी हिंडून त्यानं पोतंभर बी आणलं. सुईसारखा टोकदार दाणा, त्याला बोटभर काळी शेपटी, आणि सगळ्या शेपट्यांचा एकमेकींत गुंता.

"मग उद्याच टाकूया की," मी म्हणालो.

"न्हाय आप्पा. ताजं बी उगवत न्हाय. सहा-सात म्हैनं झोपू दे त्याला, मिरगाला टाकूया. आनी शेपटी तोडायची न्हाय, गाडायचं न्हाय. नुसतं भुईवर पसरायचं."

"तुझ्या बापाला पेरणी शिकवतोस व्हय रं?"

तोही हसला. फेब्रुवारीत बेळगावहून मोटारसायकलवर घरी येताना ट्रकनं त्याला उडवलं. तेवीस वर्षांचा होता.

बाराव्याला त्याचे कपडे वाटून टाकले, रीतच आहे ती. पोतं तेवढं माळ्यावर राहिलं. मिरग जवळ आला तसं मी ते खाली काढलं. आता माझ्या बापाची शिकवण अशी, की पेरायचं बी ताटात ओतलं तर नुसता दाणा वाजला पाहिजे. गचाळ बी पेरणाऱ्याला आमच्यात माणसात धरत नाहीत. आठ दिवस सोप्यात बसून मी शेपट्या चोळून काढल्या. बोटांतून रक्त आलं. खरं सांगतो, बरं वाटायचं. पोरासाठी करण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं. मग पाखडलं, चाळलं, माळावर कुदळीनं ओळी ओढल्या आणि दोन बोटं खोल पेरून वरून माती सारली.

तो बोललेला आठवत नव्हता असं नाही. वाटलं, पुस्तकातलं बोलणं ते. पोर शिकलेला खरा, पण पेरणी माझी.

आषाढ निघून चालला, माळ बोडका तो बोडकाच. त्याच्या कॉलेजातल्या रचना मॅडम भेटायला आल्या, त्यांना मी माळ दाखवला. त्यांनी बोटानं माती उकरून एक दाणा काढला. कुजला होता.

"काका, शेपट्या कुठं आहेत?"

"काढल्या की. साफ केलं सगळं."

त्यांनी तो दाणा तळहातावर ठेवून माझ्यापुढं धरला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ओल लागली की शेपटी फिरते, वाळली की परत पीळ धरते. तसं करत दाणा स्वतःच मातीत शिरतो, त्याला हवं तेवढाच. खोल गाडलं तर कोंब वर येत नाही."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दाखवण्यात माझी उभी हयात गेली.

घरी येऊन अंगणातच बसलो, बायकोला हाक मारली. "यशोदा, त्येचं सगळं बी मी मारलं गं."

ती आत गेली. ट्रंकेच्या तळातून एक पँट घेऊन आली. आदर्शची, माळावर जायची जुनी पँट.

"ही दिली न्हाय मी बाराव्याला," ती म्हणाली. "तुमी वरडशिला म्हणून बोल्ले न्हाय. दुपारी तुमी नसताना काढून बसते. वास हाय अजून त्येचा."

गुडघ्यापासून खाली दोन्ही पाय कुसळांनी भरले होते. शेपट्यांसकट.

"ऱ्हाऊ दे, यशोदा. धक्का लावू नगं त्येला."

"त्येचं येक तरी आयकूया की वं," ती म्हणाली आणि सुई घेऊन उंबऱ्यात बसली.

एकेक कुसळ सोडवायला दुपार गेली. धड निघाली ती एकसष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर गेलो. पँटही नेली, एखादा दाणा राहिला असेल तर तिथंच झटकावा म्हणून. दाणे नुसते भुईवर पसरले. बुरबुर सुरू झाली तसे आम्ही दोघं उकिडवे बसून बघत राहिलो. एक शेपटी हलली. मग घड्याळाच्या काट्यासारखी हळूहळू फिरायला लागली, आणि दाण्यानं मातीत नाक खुपसलं.

"शिरतंय बघा," यशोदा म्हणाली. मला पुढचं दिसेना. मी पोराची माफी मागितली, मोठ्यानं, तिच्यादेखत.

घरी येईतो पँट चिंब झाली होती. यशोदानं ती पिळली नाही. तशीच नाकाशी धरली, बराच वेळ. मग माझ्यापुढं केली.

"येतोय का वं?"

मी वास घेतला. ओल्या कापडाचा होता, दुसरा कसलाच नाही.

"येतोय," मी म्हणालो.