एकसष्ट

खोटं बोलत असेन तर माझे उरलेले चार दात आत्ताच्या आत्ता गळून पडोत! अक्षर न् अक्षर खरं आहे. सासूने पातेल्यातला चिखल डावाने खरवडून कचऱ्याच्या डब्यात टाकला, तेव्हा घड्याळात सव्वादहा झाले होते आणि सुनेची बस बाराची होती.

"आई, राहू द्या ना आता," सून म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दारात पायांत चपला घालून उभी होती. बॅग हातातून खाली ठेवायची हिंमत होत नव्हती तिची.

"राहू द्या कसं? चार तासांचा प्रवास. वाटेत काय खाशील, ड्रायव्हरचं डोकं?"

"स्टँडवर मिळेल काहीतरी."

"स्टँडवरचं खाऊन माणसं दवाखान्यात जातात. बस तिथे. दुसरा घाणा टाकते. पाऊण तासात डबा भरून देते."

चिखल म्हणजे पहिला घाणा. चॉकलेट-ओट्सच्या कुकीज, न भाजता करायच्या. सासूने चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. तिथला ओव्हन उद्घाटनाच्या दिवशी जो बंद पडला तो सासू निवृत्त होईपर्यंत बंदच. मग रोज पाचशे पोरांना गोड द्यायचं कशातून? लोणी, दूध, साखर, कोको एकत्र उकळायचं. डावाने ढवळलं तरी उकळी बसत नाही अशी खदखद सुटली, की मोठ्याने आकडे मोजायला लागायचं. साठ झाले की गॅस बंद. मग शेंगदाण्याचं बटर, व्हॅनिला, ओट्स, आणि चमच्या-चमच्याने कागदावर टाकायचं. अर्ध्या तासात घट्ट. साठाच्या आत थांबलात तर चिखल होतो, साठाच्या पुढे गेलात तर भुगा.

चाळीस वर्षांत सासूचा आकडा चुकला नव्हता. एकदा भूकंप झाला. सगळे टेबलांखाली शिरले, ही पण शिरली, खालून मोजत राहिली, साठाला बाहेर येऊन गॅस बंद केला आणि परत टेबलाखाली जाऊन बसली. मुख्याध्यापकांनी स्वतः पाहिलंय.

त्या सकाळी मात्र अठ्ठेचाळीसला तिची नजर सुनेच्या बॅगेवर गेली, आणि पुढचा आकडा काय ते आठवेचना. तिने गॅस बंद केला. झाला चिखल.

आता ती बॅग कुणापासून लपवायची होती ते सांगते. लेकापासून. त्याला सगळा मोहल्ला तोफ म्हणायचा. टायरच्या दुकानात कामाला होता, ट्रकचं टायर एका हाताने फिरवायचा. आवाज असा, की खाली शिंप्याच्या दुकानात सुईत ओवलेला दोरा बाहेर यायचा. एकदा रागाच्या भरात त्याने फ्रिज उचलून जिन्यावरून खाली फेकला. दारात आदळला, दार तुटलं, आणि आतलं एक अंडं फुटलं नाही. सुताराला त्या घराचा दरवाजा इतका पाठ झाला होता की तो मापं घ्यायलाही येत नसे, नुसती फळी घेऊन यायचा.

हे सगळं ऐकायला गंमत वाटते. सुनेच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती, ती गंमत नव्हती. डाव्या कानाने तिला कमी ऐकू यायचं, तीही नव्हती.

आणि सासू? सहा वर्षं सासू काय करत होती? तोफ सुरू झाली की ती नळ पूर्ण सोडायची आणि भांडी घासायला घ्यायची. घासलेलीच भांडी. दुसऱ्या खोलीत सून भिंतीवर आदळायची आणि इकडे पातेल्यावर घासणी फिरत राहायची. सून मार विसरली असेल एकवेळ, तो नळाचा आवाज विसरली नव्हती. आदल्या दिवशी म्हातारीने हातात बसचं तिकीट कोंबलं, तेव्हाही तिने सासूकडे वर बघितलं नव्हतं. आता ती जाणार होती बहिणीकडे. पुन्हा न येण्यासाठी.

"आज तो सातपर्यंत येत नाही," सासू साखर मोजत म्हणाली. "घाबरू नकोस."

"घाबरत नाही. उशीर होतोय."

"बहिणीला सांगून ठेव, रात्री झोपताना कानात तेल घालत जा म्हणावं तुझ्या."

"तुम्हीच सांगा की तिला. फोन आहे."

लोणी वितळायला लागलं.

साडेदहाला तोफ घरी आली. झालं असं की दुकानात एका गिऱ्हाइकाने टायरमध्ये हवा कमी आहे म्हणून कुरकुर केली. तोफेने त्याच्याच गाडीच्या बॉनेटवर त्याचं तोंड आपटलं. दोन दात दुकानात राहिले, गिऱ्हाईक दवाखान्यात गेलं, आणि मालकाने तोफेला कायमचं घरी पाठवलं. जिना हादरायला लागला तेव्हाच खालच्या शिंप्याने कापडावरून कात्री उचलून बाजूला ठेवली.

दाराला आतून कडी होती. दिवसाढवळ्या कडी का, एवढं कळायला त्याला दुसरी लाथ लागली. तिसऱ्या लाथेला दार आत पडलं.

सून उठून उभी राहिली. बॅग तिच्या पायाशी होती.

त्याने बॅगेकडे पाहिलं, मग तिच्या चपलांकडे. बॅग उचलली आणि बंद खिडकीवर फेकली. काच, बॅग, कपडे सगळं खाली शिंप्याच्या ताडपत्रीवर. मग त्याने तिचे केस मुठीत धरले आणि डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा, आणि पुन्हा, तो खिळा आत जात नाही म्हणून आपटावा तसा.

"अकरा," स्वयंपाकघरातून आवाज आला. "बारा. तेरा."

सुनेच्या भुवईतून रक्त डोळ्यात उतरत होतं. तिने ते आकडे ऐकले आणि तिला हसू आलं. नळ नाही तर हे.

"कुठे चालली होतीस?" त्याने तिला केसांनीच ओढत स्वयंपाकघरात आणलं. "कुणी दिले पैसे? कुणी काढलं तिकीट?"

"सव्वीस," सासू ढवळत म्हणाली. "मी काढलं. सत्तावीस. तिला सोड. अठ्ठावीस."

"तू?"

"एकोणतीस."

त्याने बायकोला सोडलं ते फडताळाकडे जायला. ताटल्यांची चळत उचलली आणि एकेक फोडायला लागला. एक भिंतीवर, एक जमिनीवर, एक बायकोच्या पाठीवर. ती गुडघ्यात डोकं घालून ओट्याखाली गोळा होऊन बसली होती. ताटल्या संपल्या तशा वाट्या घेतल्या. पोटात लाथ बसली तेव्हा तिच्या तोंडून आवाजही आला नाही, नुसता श्वास गेला.

"एक्केचाळीस. बेचाळीस."

"बंद कर ते!" तो ओरडला. "वेड लागलंय का म्हातारे? मोजतेस काय?"

"करपेल नाहीतर. त्रेचाळीस."

त्याने खुर्ची उचलली आणि फडताळावर घातली. बरण्या खाली आल्या. ओट्सची आणि शेंगदाण्याच्या बटरची तेवढ्या वाचल्या, त्या ओट्यावर होत्या. पातेल्यात चॉकलेट खदखदत होतं, बुडबुडे फुटून कडेवर उडत होते. सासूच्या मनगटावर दोन थेंब पडले. तिने पुसले नाहीत.

"अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ."

गॅस बंद झाला नाही.

"एकसष्ट."

ओट्याखाली सुनेने गुडघ्यांतून डोकं वर काढलं. सहा वर्षांत त्या स्वयंपाकघरात तिने हा आकडा ऐकला नव्हता. खालून तिला सासूचे पाय दिसत होते. जाड टाचा, एकमेकींना चिकटलेल्या, रांगेत उभ्या राहिलेल्या पोरीच्या असाव्यात तशा.

"बासष्ट. त्रेसष्ट."

तो फोडत होता, मारत होता. आता फोडायला फारसं काही उरलं नव्हतं. सासू मोजत होती. नव्वद झाले, शंभर झाले. आवाज चढला नाही, उतरला नाही. डाव गोल फिरत होता. दीडशेच्या पुढे चॉकलेटचा रंग काळपट झाला आणि वास घरभर गेला, खाली शिंप्यापर्यंत गेला. शिंपी पुढे कितीतरी वर्षं सांगायचा, की इतक्या गोड वासात इतका वाईट आवाज मी कधी ऐकला नाही.

एकशे चौऱ्याण्णवला तोफ उजवा हात उगारून ओट्याशी आली, आणि म्हातारीने फडक्याने पातेलं उचलून त्या हातावर ओतलं.

पाणी असतं तर ओघळलं असतं. उकळती साखर ओघळत नाही. ती धरून बसते. त्याने हात झटकला, पण ती सुटली नाही. दुसऱ्या हाताने पुसायला गेला तर दुसऱ्या हाताची बोटंही धरली. मग तो जो ओरडला, तो ऐकून तीन रस्ते पलीकडची शाळा सुटली. पोरांना वाटलं भोंगा झाला. बाईंनाही वाटलं, म्हणून त्यांनीही पर्स उचलली.

सासूने गॅस बंद केला. डाव्या हाताने लेकाचं मनगट धरून नळाखाली ओढलं आणि नळ पूर्ण सोडला. टायर फिरवणारा एवढा दांडगा माणूस गुडघ्यांवर आला, पोरासारखा हुंदके द्यायला लागला. तिने मनगट सोडलं नाही. उजव्या हाताने शेंगदाण्याचं बटर पातेल्यात टाकलं, ओट्सची बरणी उपडी केली आणि ढवळायला लागली. अर्धं पातेलं शिल्लक होतं. चांगलं लोणी होतं. टाकून कसं द्यायचं?

"ऊठ पोरी," ती नळाच्या आवाजावरून म्हणाली. "कागद पसर."

सुनेने कागद पसरला. दोघींनी मिळून चमच्याने टाकलं.

शिंपी आला, डॉक्टर आला, मागोमाग हवालदार आला. तोफेला खाटेवर निजवलं होतं. डॉक्टर हाताला पट्टी बांधताना दोनदा थांबला.

"पुसताना भाजलेली बोटं सोडली तर बाकी कुठे शिंतोडाही नाही," तो म्हणाला. "सगळं तळव्यावर. वाटीत ओतल्यासारखं."

"उगारला होता हात," सासू म्हणाली. "तळवाच पुढे होता. माझ्या हातात पातेलं होतं. घाबरले मी."

हवालदाराने फुटलेल्या ताटल्या पाहिल्या, दार पाहिलं, सुनेची भुवई पाहिली. वहीत काहीतरी लिहिलं. मग कागदावरची एक कुकी उचलली. ती तोंडापर्यंत जाईस्तोवर अर्धी त्याच्या गणवेशावर सांडली.

"भुरभुरीत झाल्यात जरा," तो म्हणाला.

"आज मोजताना चुकले," सासू म्हणाली.

सुनेने तिच्याकडे पाहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदा सरळ तोंडाकडे. म्हातारी डबा पुसत होती.

शिंप्याने ताडपत्रीवरचे कपडे गोळा करून बॅगेत भरून आणले होते. फाटलेल्या बाहीला चार टाकेही घातले होते येता येता. बारा वाजायला वीस मिनिटं होती. डॉक्टरने भुवईवर चिकटपट्टी लावली आणि म्हणाला, गाडीने सोडतो स्टँडवर.

पडलेल्या दाराच्या फळीवर उभी राहून सून म्हणाली, "तुम्ही पण चला, आई."

"आणि त्याला कोण भरवेल? उजवा हात आहे."

"त्याने तुम्हाला मारलं तर?"

सासूने डबा तिच्या हातात दिला. "कशाने?" म्हणाली.

आणि तेही खरंच निघालं. जखम भरली, पण कातडी आखडली ती आखडलीच. बोटं अर्धी उघडी राहिली, वाटीसारखी. त्या हाताची मूठ त्याला पुन्हा कधी वळता आली नाही. डाव्या हाताने तो घास घ्यायला शिकला, बाकी काही शिकला नाही. म्हातारी होती तोवर तिने पहिला घास भरवून मगच स्वतः खाल्लं.

बसमध्ये सुनेने डबा उघडला. आत कुकी अशी एकही नव्हती, नुसता भुगा. तिने तो चिमटी-चिमटीने खाल्ला, शेवटी डब्याच्या कोपऱ्यात बोट फिरवून खाल्ला. शेजारच्या बाईने विचारलं, कशाचं आहे हो? तर ती म्हणाली, सासूने केलंय. बाई म्हणाली, नशीबवान आहात.

आता तुम्ही असं टक लावून बघताय म्हणून कबूल करते. एक गोष्ट मी माझ्या पदरची घातली. भूकंप नाही हं, भूकंप खरा. फ्रिजमधलं अंडंही खरं. हात तेवढा खोटा. हवालदारासमोर म्हातारीने तो वर उचलला, तेव्हापासून ज्याने त्याने वरच ठेवला, मीसुद्धा.

उगारला नव्हता त्याने. ताटल्या संपल्या होत्या, तो दमला होता. घरभर चॉकलेटचा वास सुटला होता. तो ओट्याशी आला, घाम पुसला, आणि सात वर्षांचा असताना यायचा तसा आईसमोर तळवा पसरून उभा राहिला.

"आई, थोडं चाटायला दे ना," म्हणाला.

आणि तिने दिलं.