गालावरचे ठिपके

उस्तादांच्या तोंडात एकच शब्द उरला होता, उद्या.

पाणी हवं असलं तरी उद्या, खिडकी लावायची असली तरी उद्या, आणि काकूंचा राग आला तरी उद्याच, फक्त जरा चढ्या आवाजात. मेंदूला झटका आला, उजवा हात-पाय लुळा पडला आणि सगळी भाषा धुऊन गेली. तळाला हा एवढा शब्द चिकटून राहिला. "पडदे शिवणाऱ्या बाईच्या घरात दुसरा कुठला शब्द शिल्लक राहणार?" असं म्हणून काकूंची गिऱ्हाइकं हसायची. काकूही हसायच्या, गिऱ्हाइकासमोर दुसरं करणार काय! मग दार लावून घेतलं की मशीनवर बसून उगाच चार टाके जास्त मारायच्या.

उस्ताद म्हणजे काकूंचा नवरा. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. अडकलेल्या लिफ्टचं दुखणं ते नुसत्या आवाजावरून सांगायचे, म्हणून बरोबरच्या लोकांनी त्यांना उस्ताद करून टाकलं आणि पुढे घरातही तेच नाव चालू झालं. लेक दूर नोकरीला होती. ती फोन करायची, बाबांच्या कानाला फोन लावायला सांगायची, पलीकडून रडायची, आणि बाबा इकडून "उद्या, उद्या" म्हणत तिची समजूत काढायचे. फोन ठेवला की घरात जास्तच शांत वाटायचं.

सुरुवातीला काकू त्यांना विचारायच्या. पाणी हवंय? उशी? पंखा? ऊन लागतंय? ते प्रत्येक प्रश्नाला डावीकडे उजवीकडे मान हलवायचे, आणि शेवटी कंटाळून डोळे मिटून घ्यायचे. हळूहळू काकूंनी विचारणंच सोडून दिलं. त्यांना वाटेल ते करून मोकळ्या व्हायच्या. पण जीव काही थाऱ्यावर नव्हता. मशीनवर बसल्या की स्वयंपाकघरात काहीतरी राहिल्यासारखं वाटे, स्वयंपाकघरात गेल्या की बाहेर ते खुर्चीतून घसरले असतील असं वाटे. पडद्याची एक दुमड घालायला तीनदा उठणं होई.

त्यात ते मासे.

बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून काचेची मोठी टाकी होती, आणि तिच्यासमोरच काकूंचं कापड बेतायचं टेबल. मासे उस्तादांचे. दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याशा नद्यांतले, माती खाणारे म्हणून ओळखले जाणारे. खायचे कसले, तळाची वाळू तोंडात घ्यायची, चघळल्यासारखी करायची, तिच्यातलं पोटात जाण्याजोगं ठेवून घ्यायचं आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून सांडून द्यायची. दिवसभर तोच उद्योग. काकू त्यांना "गुळण्या करणारे" म्हणायच्या. उस्तादांनी त्यांच्यासाठी पिठाच्या चाळणीने वाळू चाळली होती, कारण खडे टोचून त्यांचे कल्ले फाटतात म्हणे. ती चाळणी पुन्हा पिठाला लावायची नाही यावरून त्या काळी घरात चांगलंच वाजलं होतं.

झटका आल्यापासून टाकीचं काम काकूंकडे आलं. नळी लावून पाणी काढायचं, ताजं भरायचं. त्यांनी नवऱ्याला हे करताना इतकी वर्षं डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं होतं, तेवढ्या भांडवलावर त्या रेटत होत्या. काही चुकलं की मागून "उद्या!" असा आवाज यायचा. काय चुकलं ते मात्र कळायचं नाही.

एका दुपारी त्यांना टाकीतल्या चपट्या दगडावर अंडी दिसली, साबुदाण्यापेक्षाही बारीक. दोन मोठे मासे दगडाभोवती घिरट्या घालत होते आणि तोंडातली वाळू अंड्यांवर सोडत होते. काकू बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दगड स्वच्छ होता.

"खाल्ली वाटतं मेल्यांनी," त्या म्हणाल्या. "स्वतःची अंडी!"

उस्तादांनी जोरात मान हलवली. "उद्या. उद्या."

त्यानंतर थोड्याच दिवसांत मोठ्या नराने खाणं टाकलं. दाणे समोरून खाली जात, तो ढुंकूनही बघत नसे. वाळूत तोंड घालणंही बंद झालं. हनुवटीखाली त्याचा घसा फुगला होता, आणि मधूनच तो जबडा चावल्यासारखा हलवायचा. उस्ताद खुर्चीत बसूनच, चांगल्या पायाने रेटत टाकीपाशी गेले आणि दिवसभर तिथून हलले नाहीत. मधूनच काकूंकडे वळून डाव्या हाताने स्वतःच्या गालावर बोटं टेकवायचे, टकटकटक. मग हात मागे नेऊन कंबरेच्या खाली थोपटायचे. मग पुन्हा गाल.

काकूंचं धाबं दणाणलं. गाल बधिर झाला की काय? दुसरा झटका तर नव्हे? व्यायाम करवून घ्यायला येणाऱ्या मुलीने गाल दाबून पाहिला, जीभ बाहेर काढायला लावली, पाठ तपासली. "सगळं ठीक आहे काकू. बसून बसून कंबर धरली असेल." तिने कंबरेमागे उशी दिली. उस्तादांनी ती काढून फेकली.

"नीट वागा जरा!" काकू ओरडल्या. ओरडल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि त्या आतल्या खोलीत जाऊन पडद्याच्या कड्या मोजत बसल्या. मोजणी दोनदा चुकली.

मासा मेला तर यांचं काय होईल, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. शेवटी मासे ज्याच्याकडून आणले होते त्या दुकानदाराला त्यांनी फोन लावला. हा उस्तादांचा जुना दोस्त. दोघं दुकानात उभं राहून तासन्‌तास वाद घालायचे. कशावरून, ते काकूंनी कधी कान देऊन ऐकलं नव्हतं.

"घसा फुगलाय? खात नाही?" दुकानदार म्हणाला. "काकू, तुमचे मोतीवाले आहेत. अंगभर मोत्यासारखे ठिपके असतात ना, म्हणून मोतीवाले. काही माती खाणारे पिल्लं तोंडात सांभाळतात, पण मोतीवाले नाही सांभाळत, ते दगडावरच राखण करतात. तेव्हा हा रोगच. लगेच बाजूला काढा. निळ्या औषधाची बाटली असेल उस्तादांकडे, ती टाका पाण्यात."

काकूंना हायसं वाटलं. निदान काय करायचं ते तरी कळलं. त्यांनी बादलीत टाकीचंच पाणी घेतलं, स्टुलावर चढून जाळी घातली आणि कसंबसं, तारांबळीतच नराला कोपऱ्यात गाठून उचललं. "उद्या! उद्या! उद्या!" उस्तादांनी घर डोक्यावर घेतलं. काकूंनी बाटली उघडली आणि थेंब सोडले. पाणी निळं होत गेलं.

मागे धप्प असा आवाज झाला.

उस्ताद उठायला गेले होते. कापड बेतायच्या टेबलाला धरून ते खाली आले होते, आणि टेबलावरची कात्री, फूटपट्टी, खडू, सगळं त्यांच्यासोबत खाली. काकू धावल्या. डोकं आपटलं नव्हतं. त्यांना उठवायला वाकल्या तर त्यांनी हात झिडकारला. डाव्या हाताने फरशीवरचा खडू उचलला, कापडावर खुणा करायचा तो पांढरा खडू, आणि स्वतःच्या गालावर ठिपके काढायला लागले. एक, दोन, चार, सगळा गाल भरून टाकला. मग छातीवर, पोटावर हात फिरवून मान हलवली. नाही. इथे नाही. पुन्हा गाल, मान होकारात हलली. पोट, मान नकारात.

काकू बघतच राहिल्या. दाढी वाढलेल्या गालावर पांढरे ठिपके घेऊन त्यांचा नवरा फरशीवर बसला होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बोलता न आल्याचा नुसता संताप.

त्यांनी टाकीकडे बोट केलं.

काकू काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. तिथे मादी होती. तिच्या गालावर बारीक पांढरे ठिपके होते, कुणी टाचणीच्या टोकाने काढल्यासारखे. अंगावर पाहिलं. अंग साधंच, राखाडी पिवळं. दुसरा मासा पाहिला, तिसरा पाहिला. ठिपके गालावरच. अंगभर मोती कुणाच्याच नव्हते. काकू नवऱ्याकडे वळल्या. तो कंबरेखाली थोपटत होता. त्या पुन्हा काचेकडे वळल्या. शेपटीच्या मुळाशी, वरच्या बाजूला, डोळ्यासारखा एक काळा ठिपका होता.

"हे मोतीवाले नाहीतच," काकू म्हणाल्या. "अहो, हे मोतीवाले नाहीत, असंच ना?"

उस्तादांनी डोळे मिटले आणि डोकं मागे भिंतीला टेकलं.

काकूंनी पुन्हा फोन लावला. "ठिपके गालावरच आहेत हो, अंगावर नाहीत. शेपटीपाशी काळा डोळा आहे. आणि थोबाड लांबट, टोकदार."

"तेच म्हणत होते उस्ताद मला," दुकानदार म्हणाला. "पिल्लं होती तेव्हा सगळे सारखेच दिसायचे हो. मी म्हणायचो मोतीवाले, ते म्हणायचे सॅटानोपर्का, माती खाणाऱ्यांतलीच दुसरी जात. काकू, ते पिल्लं तोंडात धरतात. अंडी वाळूने झाकतात आणि मग तोंडात घेतात, नर मादी दोघंही. औषध टाकलं नाहीत ना?"

काकूंनी फोन तसाच टेबलावर टाकला.

बादलीतल्या निळ्या पाण्यात नर एका कडेला तिरका उभा होता. तळाशी पांढरट कण पडले होते. शेपट्या फुटलेले, पोटाला पिवळा गोळा असलेले. काही वळवळत होते, काही नव्हते. त्यांनी नराला वाडग्यात घेऊन हलकेच टाकीत सोडलं. मग गुडघे टेकून चमच्याने वळवळणारे कण एकेक करून वेचले, आधी टाकीच्या पाण्याच्या वाटीत धुतले आणि नळीने मादीसमोर सोडले. पहिल्यांदा ती मागे सरली. मग पुढे आली, तोंड उघडलं, आणि कण आत. काकूंनी मागे वळून पाहिलं. उस्ताद फरशीवरूनच मान लांब करून बघत होते. बोटाने खूण करत होते, हळू, अजून हळू.

बादलीत जे हलत नव्हते ते तसेच राहिले. नराच्या घशात काही उरले होते की नाही, ते दोघांनाही कळेना. तो दोन दिवस कोपऱ्यात लपून होता. काकूंनी टाकीला त्या बाजूने जुना पडदा लावला, आणि स्वतः मशीन सोडून पडद्याच्या फटीतून डोकावत राहिल्या. एका पडद्याची पट्टी उलटी शिवली गेली, ती उसवायला घेतली आणि अर्धवट टाकून परत टाकीपाशी. त्यांचे हे हेलपाटे पाहून उस्ताद हसले, एका बाजूने वाकडं, पण हसले.

पिल्लं आली ती एका सकाळी. आधी मादीच्या तोंडातून, मग नराच्याही. म्हणजे त्याने काही वाचवली होती तर. पापणीच्या केसाएवढी पोरं वाळूवर पसरली आणि लगेच वाळूत तोंड घालायला लागली. काकू पुढे झाल्या तशी आईबापांनी तोंडं उघडली आणि सगळी पोरं आत पळाली. उस्तादांनी काकूंचा पदर ओढून त्यांना खाली बसायला लावलं. काकू बसल्या. थोड्या वेळाने पोरं पुन्हा बाहेर आली.

"यांना काय घालायचं खायला?" काकूंनी विचारलं. "अंड्याचा पिवळा बलक? नको? पीठ? मग तो डबीतला बारीक?" उस्ताद मान हलवत होते, डावी, उजवी, खाली. तिसऱ्याला होकार आला. "आणि पाणी रोज बदलू? थोडं? एवढं?" त्यांनी हाताने दाखवलं. उस्तादांनी त्यांचा हात धरून आणखी खाली केला.

दुपारी काकूंना एका गिऱ्हाइकाकडे खिडक्यांची मापं घ्यायला जायचं होतं. निघायची घाई, त्यात थंड पाणी कोमट न करता तसंच टाकीत ओतलं गेलं. बाहेर पडल्या तरी मागून उस्तादांचा ओरडा चालूच होता.

गिऱ्हाईक बाई खिडकीपाशी टेपचं टोक धरून उभ्या होत्या. "कसे आहेत हो ते आता?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

"सकाळी बरे होते," काकू म्हणाल्या. त्यांनी माप लिहून घेतलं, मग ते तपासायला पुन्हा टेप लावली. "आता माझ्यावर चिडलेत. घरी गेले की ऐकून घ्यायचंय."

आणि पुढच्या खिडकीचं माप घ्यायला त्या बाईंच्या आधीच जाऊन उभ्या राहिल्या.